काकांनी इंजिन उघडलं

जेवताना माणूस बसतो, अशी माझी चिपळूणपासूनची समजूत. परळला मी ज्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिले, ते काका उभ्याने जेवायचे. ताट ओट्यावर, एक घास तोंडात आणि दुसऱ्या हाताने नळ पिळणं चालू. आमटीचा थेंब सदऱ्यावर पडला की काकू म्हणायच्या, "बसून जेवलात तर पोलीस पकडतील काय हो?" काका म्हणायचे, "नळ गळतोय." नळ गळत नसायचा. काकांनी हात लावला की दुसऱ्या दिवसापासून गळायचा.

मी तेव्हा जवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून नुकती लागले होते. काका-काकूंच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढचा पॅसेज एवढंच घर. लेक, जिला घरात सगळे ताई म्हणायचे, लग्न होऊन नाशिकला गेलेली, तिची कॉट मला मिळाली. काका एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर खुर्चीवर बसायची नोकरी ह्या माणसाने कशी केली असेल, देव जाणे. त्यांच्या साहेबांबद्दल मला मनापासून सहानुभूती वाटते.

"उघडल्याशिवाय कळत नाही," हे काकांचं ब्रीदवाक्य. मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, दाराची कडी, सगळं त्यांनी कधी ना कधी उघडलेलं. बिघाड असलाच पाहिजे अशी अट नव्हती. आवाज बदलल्यासारखा वाटला की पुरे. एकदा मी अंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघते तर माझा केस वाळवायचा ड्रायर वर्तमानपत्रावर पसरलेला! मी अशी तडकले की शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. काका शांतपणे म्हणाले, "अगं, तो कण्हत होता." जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले. काकांच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर काहीतरी उरायचंच, आणि ते कॉफीच्या जुन्या बाटलीत जायचं. "कंपनीवाले उगाच जास्त लावतात," असं त्यांचं स्पष्टीकरण.

त्यांच्याबरोबर बसने जाणं म्हणजे शिक्षा. सिग्नलला बस थांबली की ह्यांचा गुडघा हलायला लागायचा. मग नुसती चुळबुळ, मग "च्यायला!" आणि मग सरळ उतरायचे. बसच्या कडेकडेने चालत पुढे. सिग्नल सुटला की बस त्यांना मागे टाकायची, पुढच्या थांब्यावर ते धापा टाकत पुन्हा त्याच बसमध्ये चढायचे आणि नवं तिकीट काढायचे. कंडक्टर म्हणाला, "काका, आधीचं तिकीट आहे की." काका म्हणाले, "तो प्रवास वेगळा होता."

ह्या सगळ्याच्या मुळाशी ती गाडी. चाळीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी असायची. मुंबईत पूर्वी काळ्यापिवळ्या टॅक्स्या धावायच्या ना, त्याच जातीची, फक्त हिचा रंग फिकट निळा. काकांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. आधीचा मालक फिरतीचा विक्रेता, त्याने तिला मुंबई-गोवा-बेळगाव अशी वर्षानुवर्षं पिटाळलेली. लाखावर लाख किलोमीटर झाले होते. ती तेल प्यायची आणि निळा धूर सोडायची. सुरू केली की वरच्या मजल्यावरच्या बायका वाळत घातलेले कपडे ओढून घ्यायच्या. पण काकांना तिचं कोण कौतुक! चालवायचे कमी, उघडायचे जास्त.

काकू तिला सवत म्हणायच्या. गमतीने नाही हं. दर दसऱ्याला आवारातल्या सगळ्या स्कूटरी, मोटरसायकली झेंडूचे हार घालून उभ्या राहायच्या आणि ही एकटी बोडकी. काका स्वतःच एक फूल खोचायचे. काकू म्हणायच्या, "सवतीची पूजा कोण करतं? मी तर नाही करणार." त्यालाही कारण होतं. काकूंच्या धाकट्या भावाचं लग्न मालवणला. दोघं गाडीने निघाली. वडखळला काकांना वाटलं, आवाज बदललाय. बोनेट वर, काका आत. शालू नेसलेल्या काकू रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिल्या. कार्बुरेटर सुटा होऊन रुमालावर आला तेव्हा काकूंनी समोरून येणाऱ्या एसटीला हात केला आणि निघून गेल्या. काका मालवणला पोचले तेव्हा मांडववाले बांबू उतरवत होते. "उभ्या आयुष्यात ह्या माणसाशेजारी बसून मी एकदाही पोचले नाही कुठे," हे काकू मला सांगायच्या तेव्हा हसायच्या, पण डोळे हसायचे नाहीत.

आणि मग चाळ पाडायचं ठरलं. नवीन इमारत होईपर्यंत सगळ्यांना अँटॉप हिलला एकेक खोली मिळणार होती. दिवाळीनंतर आवार रिकामं करायचं. चाळभर आनंद, भांडणं, पेढे. आमच्या घरात मात्र काकू गप्प. दोन दिवस गप्प राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बोलल्या. काका पंख्याच्या रेग्युलेटरचं झाकण काढत होते.

"मी अँटॉप हिलला येणार नाही," काकू म्हणाल्या. "ताईकडे नाशिकला जाते. दोन खोल्या आणि पॅसेजमध्ये तुम्ही मावत नाही, तिथे एका खोलीत मी वेडी होईन."

काकांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "अगं, पण मी..."

"तुम्हाला काय, गाडी आहे की सोबतीला."

काका पॅसेजमध्ये गेले, परत आले, पुन्हा गेले. मी कप घेऊन उठायला लागले तर काकूंनी हाताने बसवलं. साक्षीदार हवी होती त्यांना. काका दारातून म्हणाले, "गाडी मी नीट करतो. पार इंजिन खोलून, नव्यासारखी. तुला बसवून नेतो अँटॉप हिलला. मध्ये थांबणार नाही."

"कधी?"

"दसऱ्याला. दसऱ्याला तू बस, मी फाटकाबाहेर काढतो."

काकूंनी भाजीची जुडी पुढे ओढली. "बरं," म्हणाल्या. "दसऱ्याला ताई मला न्यायला येईल. त्या दिवशी ही गाडी तुमच्या हाताने, मला बसवून, फाटकाबाहेर पडली तर मी तुमच्याबरोबर. नाहीतर मी तिच्याबरोबर. मग मला अडवायचं नाही." असं म्हणून त्या भाजी निवडायला लागल्या. रेग्युलेटर तसाच लोंबकळत राहिला, पुढे कित्येक दिवस पंखा एकाच वेगाने फिरत होता.

त्यानंतर आमच्या घराचं जे झालं ते विचारू नका! चेनकप्पी लावून इंजिन उतरवलं आणि ते आलं थेट पॅसेजमध्ये. मी ड्यूटीला जाताना त्याला वळसा घालून जायची. घरभर रॉकेलचा वास. पिस्टन काकूंच्या जुन्या कुकरमध्ये भिजत पडलेले. व्हॉल्व्ह आठ, आणि कुठला कुठे बसतो ते बदलून चालत नाही, म्हणून ते इडलीपात्राच्या दोन थाळ्यांत ओळीने मांडलेले. काकूंनी ते पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "माझा मेलीचा नशीब!" काकू चिडल्या किंवा गहिवरल्या की मालवणीवर यायच्या. तोवर सगळं प्रमाण, शाळेतल्या बाईंसारखं.

पण एक सांगते, इडलीपात्र त्यांनी परत मागितलं नाही. आणि काका बाहेर गेले की त्या थाळ्यांवर स्वच्छ फडकं टाकून ठेवायच्या, धूळ बसू नये म्हणून.

त्या जातीच्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या आणि त्यांचे सुटे भागही गेले. काका रोज उठून गिरगावच्या अंगाला, ऑपेरा हाऊसच्या स्पेअरच्या दुकानांत जायचे. पिस्टनच्या रिंगा मिळाल्या तर बेअरिंग नाही, बेअरिंग मिळालं तर मापाचं नाही. हातात न मिळालेल्या वस्तूचा नमुना घेऊन घामाघूम परत यायचे. एकदा रिंगा उलट्या बसवल्या, एकदा तेलाची गाळणी बसवायची राहिली, दोन्हीदा सगळं परत उघडलं. लालबागच्या गल्लीतल्या लेथवाल्याने सिलिंडर आतून घासून बोअर करून दिलं, तो म्हणायचा, "अंकल, थोडा सबर रखो, आधा काम तुम्हारा जल्दी में बिगडता है." सबर! काका त्याच्या लेथभोवती फेऱ्या मारत बसायचे म्हणून त्याने एकदा त्यांच्या हातात झाडू दिला होता.

झोपेतही त्यांचे पाय चालायचे, असं काकू सांगायच्या. वजन उतरलं. दाढी वाढली. मी विचारलं, "काका, नाहीच झालं वेळेत तर?" तर माझ्यावरच खेकसले, "नाही झालं काय? नाही झालं म्हणजे काय?" आणि मग एकदम हळू आवाजात, "तिने बॅग काढलीय गं माळ्यावरून." मी त्यांच्या हातातला पाना घेतला आणि रॉकेलने पुसून परत दिला.

नवरात्र संपत आलं तेव्हा इंजिन गाडीत परत बसलं. फक्त स्पार्क प्लग आणि वायरी राहिल्या होत्या, तासाभराचं काम. प्लगच्या चार भोकांत काकांनी तेलकट चिंध्या खोचून ठेवल्या होत्या, आत कचरा जाऊ नये म्हणून. आणि उजाडली खंडेनवमी.

गिरणगावात खंडेनवमीला हत्यारं पूजेला लागतात, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. काकूंचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यामुळे ह्या बाबतीत त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पाने, पकडी, हातोडी, सगळं सोड्याच्या पाण्याने धुऊन पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले. काका म्हणाले, "अगं, चार प्लग फक्त! हाताने फिरवतो, पान्याशिवाय!" काकू म्हणाल्या, "गप रवा." झालं. तो दिवस काकांनी कसा काढला ते चाळीने पाहिलं. वर जिन्याने, खाली जिन्याने. फाटकापर्यंत, परत. पाटासमोर येऊन पान्यांकडे बघत उभे. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांना दादरला फुलं आणायला पिटाळलं.

मी संध्याकाळी ड्यूटीवरून आले तेव्हा काकू पूजेचं तबक घेऊन शेडकडून येत होत्या. मी विचारलं, "काय काकू, तिकडे कुठे?" "काही नाही," म्हणाल्या आणि पदराने तबक झाकून आत गेल्या. मी दमले होते. माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

दसऱ्याला ताई नाशिकहून आली. तिची गाडी फाटकाबाहेर. काकूंच्या दोन बॅगा पॅसेजमध्ये, इंजिन होतं त्याच जागी. काकूंनी हिरवी साडी नेसलेली, कुणाबरोबर जायला ते त्यांनाच ठाऊक. आवारात सगळी चाळ जमलेली. काकांनी अंघोळ करून देवाला नमस्कार केला आणि धावत शेड गाठली. चिंध्या उपसून फेकल्या, प्लग बसवले, वायरी लावल्या. चिंध्या स्वच्छ धुतलेल्या होत्या, तेलाचा डाग नव्हता एकीवर, पण हे बघायला सवड कुणाला होती! काका आत बसले. चावी फिरवली.

इंजिन दोनदा हुंकारलं आणि मग आत काहीतरी करकरलं. नव्या रिंगांच्या, नव्या बोअरच्या इंजिनात! काकांनी झटक्यात चावी बंद केली. पुन्हा प्लग काढला, मला हाक मारली, "तुझा तो लॅबचा चिमटा आण गं, आणि टॉर्च." मी घेऊन गेले. आत उजेड पाडला, चिमटा घातला आणि जे हाताला लागलं ते बाहेर काढलं.

तांदळाचा दाणा. अर्धा चिरडलेला, कुंकवाने लाल.

अक्षता. मी आणखी दोन काढल्या. शेजारच्या भोकातही होत्याच. साच्याची पूजा पाहत वाढलेल्या बाईने इंजिनाची पूजा केली होती. तेलकट चिंध्यांवर कुंकू कसं वाहायचं, म्हणून त्या काढून, अक्षता टाकून, धुतलेल्या चिंध्या परत खोचल्या होत्या. ती भोकं थेट पिस्टनपर्यंत जातात, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

मी कुजबुजले, "काका, सांगा ना सगळ्यांना! तुमची काही चूक नाही ह्यात. काकूंनीच..."

"गप गं," काका म्हणाले. मग सरळ झाले आणि आवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "रिंग चुकली माझी. हेड परत काढायला लागणार. आज नाही होत."

मला असा संताप आला! महिनाभर हा माणूस जेवला नाही, झोपला नाही, आणि आता हातात पुरावा असताना हरतोय? काकांनी तो दाणा कपाळाला लावला. अक्षता पायदळी जाऊ नयेत म्हणून सदऱ्याच्या खिशात टाकला. आणि ताईला म्हणाले, "आईला सांभाळून ने. घाटात सावकाश."

काकू पायऱ्या उतरून आल्या. मला विचारलं, "काय निघालं आतून?"

मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "कार्बन. जुनं इंजिन आहे, कार्बन असतोच."

काकूंनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. घामावर कुंकवाचा लाल ठिपका उमटला होता. चारचौघांत नवऱ्याच्या जवळ उभी न राहणारी ही बाई पुढे झाली, सगळ्या चाळीसमोर त्यांच्या खिशात हात घातला आणि दाणा बाहेर काढला. तळहातावर ठेवून बघत राहिली.

"मी टाकल्या," त्या म्हणाल्या. मग आवाज फुटला. "माका काय म्हायत, ती भोका थेट आत जातत!"

कुणी हसलं नाही. काकू काकांना म्हणाल्या, "तुम्ही का बोलला नाहीत? पैज माझ्यावर उलटली असती की."

काकांचे हात नेहमीसारखे काहीतरी शोधत होते, पण पाना मिळाला नाही. ते म्हणाले, "तू तिची पूजा केलीस. इतक्या वर्षांत कधी केली नव्हतीस. म्हणजे ती सुरू व्हावी असं तुला वाटत होतं. मग मला आणखी काय कळायचं राहिलं?"

काकू पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मीही दुसरीकडे बघत होते, कारण मला रडू येत होतं आणि मी रडले की माझं नाक लाल होतं. शेवटी काकूंनी वळून ताईला सांगितलं, "त्यो बॅगो परत आत व्हर गो." ताई म्हणाली, "आई, अगं मी नाशिकहून..." "जेवून जा," काकू म्हणाल्या. "श्रीखंड आहे."

हेड पुन्हा उघडलं, दाणे निघाले, बोअरवर बारीक चरे पडले होते ते लेथवाल्याने घासून दिले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गाडी सुरू झाली. धूर नाही, करकर नाही. चाळीने टाळ्या वाजवल्या. लेथवाल्याने मात्र बजावून सांगितलं: नवीन इंजिन आहे, हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर जायचं नाही, रेस द्यायची नाही आणि बोनेटला हात लावायचा नाही. शेवटचा नियम त्याने काकांना ओळखून स्वतःच्या मनाने घातला असणार.

काकू अँटॉप हिलला त्याच गाडीतून गेल्या. वाटेत काका एकदाही थांबले नाहीत. मागून टॅक्सीवाले, टँकरवाले, सायकलवरचे पाववालेसुद्धा हॉर्न आणि घंटी वाजवत पुढे जात होते. काका दात-ओठ खात, स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून, चाळीसच्या आतच. काकू शेजारी मांडीवर डबा घेऊन बसलेल्या.

मी पुढे अंधेरीला लॅब बदलली, जागाही बदलली. एका रविवारी त्यांना भेटायला गेले. खोली लहानशी. पण दोघं घरी नव्हतीच, खाली गाडीत बसली होती, फेरीला निघायच्या तयारीत. रोज संध्याकाळी निघतात म्हणे. वडाळा, शिवडी, परळ, परत. हजार किलोमीटर पूर्ण करायचे ना! मलाही मागे बसवलं. गाडी हळूहळू चालली होती. काकू त्यांना आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगत होत्या, कुठल्या भांडणात कोण काय बोललं होतं ते सांगत होत्या, शेंगदाणे सोलून त्यांच्या हातात देत होत्या. काका नुसते "हूं, हूं" करत होते. गुडघा हलत होता, पण उठून जाणार कुठे? एवढ्या वर्षांचं साठलेलं काकू दर फेरीला थोडं थोडं बोलून घेत होत्या.

परत आलो तेव्हा काका आनंदाने ओरडले, "झालं! उद्या-परवा हजार भरतील. मग बघ कशी सोडतो हिला, आणि बोनेटही उघडतो!" आणि गाडीला चक्कर मारून चाकांना लाथा घालत बसले.

काकूंनी माझं मनगट धरलं आणि मला जिन्याआड नेलं. इकडेतिकडे बघून घेतलं.

"तू लॅबमध्ये मशिनं हाताळतेस म्हणून विचारते," त्या हळूच म्हणाल्या. "ते किलोमीटरचे आकडे मागे फिरवता येतात का गं?"